वर्गात एकच फोन असला तरी: प्राथमिकच्या मुलांच्या हाती निर्मितीचं तंत्रज्ञान देताना

गेल्या काही वर्षांत आपल्या शाळांत टीव्ही आला, प्रोजेक्टर आला, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्यामागे पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड देण्याचं त्यांचं काम होतं. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं साहित्यही उपयोगाचं आहे, ते वापरावंच. पण बहुतेक वर्गांत फोन किंवा रिमोट गुरुजींच्या नाहीतर बाईंच्या हातात असतो आणि मुलं फक्त बघत असतात. चांगला व्हिडिओ लागला की वर्ग शांत होतो. त्या शांततेत कोणाला काय कळलं आणि कोणाचं काय राहून गेलं, हे कळायला मात्र काहीच मार्ग नसतो.

मुलं स्वतः काही बनवायला बसली की हा मार्ग उघडतो. फुलपाखराचा जीवनक्रम पाठ म्हणून दाखवणारं मूल, तोच जीवनक्रम चित्रपटात दाखवायची वेळ आली की अळी आणि कोश यांच्यामध्ये अडतं. "बाई, अळीचे पाय कुठं जातात?" हा प्रश्न व्हिडिओ बघताना सहसा येत नाही, कागदाची अळी हाताने हलवताना येतो. तंत्रज्ञान वर्गात आणायचं ते या प्रश्नासाठी. चित्रपट म्हणजे इथे एवढंच: कागदी पात्र थोडं थोडं सरकवत दर वेळी एक फोटो काढायचा, आणि ते फोटो भराभर दाखवले की पात्र हलताना दिसतं.

हा लेख लिहिताना माझ्यासमोर दोन शिक्षकी शाळा आहे. चौथीत पंचवीस-तीस मुलं, सगळ्यांत मिळून एक स्मार्टफोन, नेटचा भरवसा नाही. तुमच्याकडे टॅब असतील तर उत्तमच, पण वाट बघत थांबू नका.

आधी पाठ, मग ॲप

सुरुवात ॲप शोधण्यापासून केली की आठवड्याभरात वर्ग ॲपचा होऊन जातो आणि विषय बाजूला पडतो. म्हणून आधी टाचण, म्हणजे पाठाच्या नियोजनाची वही, उघडा आणि असा घटक निवडा ज्यात काहीतरी बदलतं, हलतं, वाढतं किंवा क्रमाने घडतं. जलचक्र, बीज रुजणं, चंद्राच्या कला, हातचा घेऊन बेरीज, गावातल्या कचऱ्याचा प्रवास, शेतातल्या भाताचा ताटापर्यंतचा प्रवास. "आपले अवयव" किंवा "वाहनांचे प्रकार" असे नुसत्या यादीचे घटक यासाठी घेऊ नका, त्यांना तक्ता पुरेसा आहे.

पुढे मी फुलपाखराचंच उदाहरण धरते. चौथीच्या परिसर अभ्यासात प्राण्यांचा जीवनक्रम येतो, आणि त्याचा नमुना शाळेच्या आवारात फुकट मिळतो. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावर पावसाळ्यात पानांच्या वरच्या बाजूला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी छोटी अळी सापडते. तीच पुढे कात टाकत टाकत हिरवी होते. चित्रीकरणाच्या आधीच्या आठवड्यात मुलांना हे झाड रोज बघायला लावा. अळीला घरी नेऊ देऊ नका, बरणीत कोंडूही देऊ नका; झाडावरच बघायची. ज्यांनी खरी अळी पाहिलेली असते त्यांच्या कागदी अळीची चाल वेगळी असते, हे तुम्हालाही दिसेल.

सामान

फोन शक्यतो वापरातून गेलेला, सिमकार्ड नसलेला घ्या. शिक्षकाच्या रोजच्या फोनवर संदेश येत राहतात, घरचे फोटो असतात, आणि मुलांच्या हातात तो देताना आपलाच जीव वर-खाली होतो. पालक सभेत विचारलं तर काचेला तडा गेलेला पण कॅमेरा चालणारा एखादा फोन बहुधा निघतोच. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो शाळेच्या साठा नोंदवहीत चढवून घ्या.

त्यावर 'स्टॉप मोशन स्टुडिओ' हे ॲप टाका. त्याची मोफत आवृत्ती आपल्या कामाला पुरते आणि एकदा ॲप उतरवून घेतलं की चित्रीकरणाला नेट लागत नाही. या ॲपची सगळ्यात मोलाची सोय म्हणजे आधी काढलेला फोटो पडद्यावर पुसट दिसत राहतो, त्यामुळे वस्तू किती सरकली ते मुलांना कळतं.

बाकी सामान घरचंच. जुन्या लग्नपत्रिका (त्यांचा कागद जाड असतो, वाकत नाही), घोटीव कागद, कात्री, डिंक, पार्श्वभूमीसाठी एक कार्डशीट, चिकटपट्टी. कागद नको असेल तर शाडू माती, चिंचोके, रंगीत खडू किंवा रांगोळी. रांगोळीचं चित्रीकरण सुंदर होतं, पण पंखा बंद ठेवावा लागतो आणि चुकलं की सगळं पुसून पुन्हा काढावं लागतं. पहिल्या खेपेला कागदच घ्या.

सहा चौकटी

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर प्रत्येक गटाने सहा चौकटी आखायच्या. प्रत्येक चौकटीत एक चित्र आणि खाली एक वाक्य. गट पाच-सहा मुलांचा. वेळ एक तासिका.

या तासिकेत घाई करू नका, कारण खरा अभ्यास इथेच होतो. मुलं पहिल्या चौकटीत अंडं काढतात, दुसऱ्यात अळी, तिसऱ्यात कोश, चौथ्यात फुलपाखरू, आणि मग दोन चौकटी उरतात. तिथे तुम्ही प्रश्न विचारायचे. अंडं याच झाडाच्या पानावर का घातलं? अळी दिवसभर काय करते? ती मोठी झाली हे कसं दाखवाल? कोश फांदीला कशाने धरून राहतो? उत्तरं सांगू नका, झाडाकडे पाठवा किंवा पुस्तकाकडे. उरलेल्या दोन चौकटी या प्रश्नांतून भरल्या जातात: एक खाण्याची, एक कात टाकण्याची. काही गट सहाव्या चौकटीत फुलपाखरू पुन्हा पानावर अंडं घालताना दाखवतात आणि 'चक्र' हा शब्द त्यांचा त्यांना सापडतो.

चौकटी पूर्ण झाल्याशिवाय फोन बाहेर काढायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

फोन कुठे ठेवायचा

हातात धरून काढलेले फोटो कामाचे नाहीत, चित्र थरथरतं. सोपी मांडणी अशी: दोन सारख्या उंचीची स्टुलं किंवा बाकं समोरासमोर ठेवा. त्यांच्यावर दोन फूटपट्ट्या किंवा पातळ फळ्या आडव्या टाका, मध्ये बोटभर फट ठेवा. फोन त्यावर पडदा वर आणि मागचा कॅमेरा फटीतून खाली बघेल असा ठेवा आणि चिकटपट्टीने पक्का करा. खाली जमिनीवर कार्डशीट, तीही चारही कोपऱ्यांना चिकटवलेली. स्टुलांच्या पायांभोवती खडूने खुणा करा. कोणाचा धक्का लागलाच तर स्टूल पुन्हा जागेवर आणता येतं.

उजेडाचं बघा. थेट ऊन पडत असेल तर ढग आला की चित्र काळवंडतं आणि चित्रपट लुकलुकतो. खिडकीजवळ पण उन्हाच्या पट्ट्याबाहेर बसा. बऱ्याच फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड जागच्या जागी पक्के होतात, ते करून घ्या. मुलांच्या सावल्या कागदावर पडणार नाहीत अशा बाजूला सगळ्यांना बसवा आणि शेवटपर्यंत जागा बदलू देऊ नका.

फोन विमान मोडवर टाका. अँड्रॉइड फोनमध्ये एकच ॲप पडद्यावर बांधून ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये असते, तीही चालू करा. मग मूल चुकूनही दुसरीकडे जात नाही.

चित्रीकरण

आधी गणित. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं धावतात. मुलांसाठी सेकंदाला ५ पुरेत. हालचाल थोडी उड्या मारत होते, पण डोळ्याला गोड वाटते. वीस सेकंदांच्या चित्रपटाला किती फोटो? हे फळ्यावर मुलांनीच करायचं. ५ गुणिले २०, म्हणजे १००. सहा चौकटींत ते वाटायचे, तर प्रत्येकीला साधारण सोळा-सतरा. कोश नुसता लटकलेला असतो, त्याला कमी फोटो द्यायचे का? की तो खूप दिवस तसाच असतो म्हणून जास्त? यावर गटात भांडणं होतात आणि ती होऊ द्यावीत.

कामं वाटून द्या:

- एक कॅमेऱ्यावर. फक्त तोच बटण दाबतो.
- दोघं हलवणारे. एका वेळी अर्धा सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही.
- एक मोजणारा. पाटीवर दर पाच फोटोंना एक जुडी.
- एक राखणदार. "हात बाहेर" असं त्याने म्हटल्यावरच फोटो निघतो.
- एक चौकटींचा कागद घेऊन पुढे काय येणार ते सांगणारा.

दर वीस फोटोंनंतर कामं फिरवा. हे न केल्यास चुणचुणीत मुलगा किंवा मुलगी शेवटपर्यंत फोन सोडत नाही आणि मागे बसणारी मुलं कात्रीपुढे जात नाहीत. विशेषतः मुलींच्या हातात कॅमेरा पहिल्या फेरीतच जाईल हे बघा. घरात फोन बहुधा भावाकडे असतो, आणि वर्गातही तसंच झालं तर ते कोणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.

फोन एक आणि गट पाच, तर बाकीचे काय करतात? रोज एकच गट चित्रीकरण करतो, एक तासिका. त्याच वेळी एक गट कातरकाम करतो, एक गट निवेदन लिहितो, एक वाचनाचा सराव करतो, एक झाडावरच्या नोंदी पूर्ण करतो. असं आठवडाभर चालतं. शाळेत उपक्रमांसाठी असलेल्या आनंददायी शनिवारची वेळ उरलेल्या कामाला छान मिळते. दोन इयत्ता एकत्र असतील तर तिसरीची मुलं कातरकामात घ्या, ती फार मन लावून करतात.

आवाज

चित्र झालं की निवेदन. आपल्या बऱ्याच वर्गांवर पत्रे असतात आणि भिंती मोकळ्या, त्यामुळे आवाज घुमतो. शाळेत आवाज नोंदवण्याची सगळ्यात चांगली खोली म्हणजे पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवलेली खोली; पोती आवाज शोषून घेतात. ती नसेल तर कोपऱ्यात सतरंज्या टांगा. फोन तोंडापासून एक वीत अंतरावर आणि जरा बाजूला धरायचा, समोर धरला तर 'प' आणि 'फ' म्हणताना हवेचा फटका बसतो.

निवेदन आधी मुलांच्या घरच्या बोलीत करू द्या. अहिराणी, कोरकू, पावरी, गोंडी, मालवणी, जे घरात असेल ते. मग त्याच चित्रावर दुसरं निवेदन प्रमाण मराठीत. दोन्ही जपून ठेवा. आपली बोली शाळेच्या टीव्हीवर ऐकताना मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. शिवाय गप्प बसणारी कित्येक मुलं पहिल्यांदा इथेच तोंड उघडतात.

नुसत्या आवाजाचाही स्वतंत्र उपक्रम होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या आहेत आणि 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर त्यांतल्या कित्येक गाणाऱ्या बायकांच्या आवाजात ऐकता येतात. दोन-तीन वर्गात ऐकवा आणि मग मुलांना आजीकडे पाठवा. आजीची ओवी, ती कुठे शिकली, जातं कधी बंद झालं, एवढे तीन प्रश्न. घरी फोन नसेल तर आजीलाच शाळेत बोलवा. भाषेच्या तासाला याहून चांगला पाहुणा मिळणार नाही.

पहिला खेळ आणि दुरुस्ती

चित्रपट पूर्ण झाला की लगेच पालकांना दाखवू नका. आधी दुसऱ्या गटाला दाखवा, तोही आवाज बंद करून. बघणाऱ्यांनी काय घडतंय ते सांगायचं. जिथे ते अडतील तिथे बनवणाऱ्यांचं काहीतरी राहिलं आहे. अळी एकदम कोश झाली, पान कुरतडल्याचं दिसलंच नाही, फुलपाखराचे पंख बाहेर येताक्षणी ताणलेले आहेत. एवढा भाग पुन्हा चित्रित करायचा. आपल्या शाळांत लेखनाची दुरुस्ती मुलांना शिक्षेसारखी वाटते, पण चित्रपटाचा तुकडा पुन्हा काढायला ती स्वतःहून बसतात. या दुसऱ्या फेरीला वेळ राखून ठेवा, वाटल्यास एक गट कमी करा.

पहिली-दुसरीसाठी: रोज एक फोटो

लहान मुलांना अर्धा सेंटिमीटर सरकवणं जमत नाही. त्यांच्यासाठी उलटं करायचं, हलण्याचं काम निसर्गाला करू द्यायचं. त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच चित्रित केली होती: कुंडीसमोर कॅमेरा ठेवून रोज थोडं थोडं चित्रण. ते पाहूनच पैसे घालणाऱ्याचा त्यांच्यावर विश्वास बसला. ही गोष्ट पहिलीच्या मुलांनाही कळते.

काचेच्या ग्लासात ओला कापूस, काचेला चिकटून घेवड्याचं किंवा हरभऱ्याचं बी. ग्लासाची जागा आणि फोनची जागा खडूने आखून ठेवा. परिपाठानंतर रोज वेगळ्या मुलाने एक फोटो काढायचा आणि फळ्यावर तारीख लिहायची. महिन्याभरात सेकंदाला ५ या वेगाने चार-पाच सेकंदांचा चित्रपट होतो. मूळ आधी खाली जातं आणि मग कोंब वर येतो, हे मुलं शंभर वेळा बघतात.

कोडिंग आधी अंगणात

कोडिंगच्या महागड्या शिकवण्यांच्या जाहिराती आता तालुक्याच्या गावातही दिसतात. प्राथमिकला त्याची गरज नाही. मैदानावर फक्कीने पाच बाय पाच चौकटी आखा, एका चौकटीत खडा ठेवा. एक मूल यंत्र होतं, बाकीचे कागदावर सूचना लिहितात: दोन घरं पुढे, उजवीकडे वळ, एक घर पुढे. यंत्र झालेल्या मुलाने लिहिलेलंच करायचं, डोकं लावायचं नाही. सूचना चुकली तर यंत्र भिंतीला जाऊन धडकतं आणि चूक कुठल्या ओळीत आहे ते सगळे मिळून शोधतात.

हे चार-पाच वेळा झाल्यावर संगणक. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये खुलं केलेलं 'स्क्रॅच' (यात सूचनांचे ठोकळे जोडून पडद्यावरचं पात्र चालवायचं असतं) मोफत आहे आणि नेटशिवाय चालणारी त्याची आवृत्तीही मिळते. आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी ते आहे. पहिली-दुसरीसाठी 'स्क्रॅच ज्युनिअर' टॅबवर चालतं, त्यात सूचना चित्रांच्या असतात, वाचता यावं लागत नाही.

चौथी-पाचवीत मी थेट भूमितीला हात घालते. स्क्रॅचच्या पडद्यावरची मांजर पेन घेऊन चौरस कसा काढेल? पुढे जा, ९० अंश वळ, हे चार वेळा. मग तोच चौरस ३० अंशांनी वळवत बारा वेळा काढायचा. बारा तीस तीनशे साठ, आणि पडद्यावर रांगोळीचं फूल उमलतं. समभुज त्रिकोणात मात्र सगळे अडकतात, कारण कोन ६० चा म्हणून ते ६० अंश वळवतात आणि त्रिकोण होतच नाही. उत्तर देऊ नका. एका मुलाला उठवून जमिनीवर आखलेल्या त्रिकोणावरून चालायला सांगा. कोपऱ्यावर त्याला किती फिरावं लागतं ते बघितलं की १२० त्यांच्या तोंडून येतं. संगणक एकच असेल तर तिघांची जोडणी करा: एक सांगणारा, एक टाकणारा, एक कागदावर आकृती काढून तपासणारा.

नोंदी आणि गुण

चित्रपट किती देखणा झाला याला गुण देऊ नका. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या नोंदीत मी तीनच गोष्टी बघते: क्रम बरोबर आहे का, एका अवस्थेतून दुसरी का आली हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का, आणि दुसऱ्या गटाच्या प्रश्नानंतर त्याने काय बदललं. प्रत्येक मुलासाठी एक वाक्य पुरे. "कात टाकण्याचा प्रसंग स्वतः सुचवला", "निवेदन बोलीत सहज, प्रमाणभाषेत अडखळते". आसपासच्या शाळांचं काम बघणाऱ्या केंद्रप्रमुखांना चौकटींचा पहिला कागद आणि अंतिम चित्रपट शेजारी ठेवून दाखवा, वेगळा अहवाल लागत नाही.

पालक आणि खासगीपणा

कागदी चित्रपटात मुलांचे चेहरे नसतात, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. तो घालवू नका. चित्रीकरण करतानाचे मुलांचे फोटो गावाच्या किंवा शिक्षकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. श्रेयनामावलीत फक्त पहिलं नाव लिहा. मुलांच्या नावाने कुठेही खातं उघडू नका. वाक्य लिहिलं की चित्र बनवून देणारी नवी ॲप्स या वयात वर्गात आणू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या हालचालीतून मूल शिकतं तीच ही ॲप्स काढून घेतात.

चित्रपट पालक सभेच्या दिवशी दाखवा आणि बोलण्याचं काम मुलांवर सोडा. फोन म्हणजे खेळ आणि रील्स एवढंच ज्यांनी पाहिलंय, असे पालक हे बघून दुसऱ्या दिवशी जुना फोन घेऊन शाळेत येतात.

पुढच्या वर्षासाठी

सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर वर्षाच्या नावाने ठेवा. कागदी पात्रं पाकिटात घालून त्यावर घटकाचं नाव लिहा. मार्चमध्ये, परीक्षेचं वातावरण तापण्याआधी, चौथीची मुलं तिसरीला कॅमेरा मांडायला शिकवतील असा एक शनिवार ठरवा. आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत तुम्हाला याबद्दल बोलायला सांगितलं तर सादरीकरण करू नका. दोन स्टुलं, दोन फूटपट्ट्या आणि मूठभर चिंचोके घेऊन जा, आणि जमलेल्या शिक्षकांनाच जमिनीवर बसवून दहाच्या पाढ्याचा चित्रपट काढायला लावा.